बारा गावांखालची आसरा

एका राज्यात नदी नव्हती. काळ्या खडकाचे उंच पठार होते, त्यावर बारा गावे होती, मधोमध राजधानी होती, आणि पाऊस वर्षातले तीन महिने पडे. उरलेले नऊ महिने माणसे, गुरे, पाखरे आणि झाडे जमिनीखालच्या पाण्यावर जगत. विहीर खणावी, तिसाव्या हाताला झरा लागावा, असा तिथला शिरस्ता होता. पाणी डोळ्यांना दिसत नसे, म्हणून त्याचा विचारही कोणी करत नसे. विहीर ज्याची पाणी त्याचे, असे लोक म्हणत, आणि तेवढ्यावर राज्य चाले.

त्या राज्यात भिवरा नावाची पाणाडी होती. ती अनवाणी माळ तुडवी, आणि जिथे तळव्यांना आतला गारवा लागे तिथे काठी रोवी. काठी रोवली की तिचा थोरला भाऊ रायाजी आपले सहा गडी घेऊन कुदळ मारी. आईबाप लवकर गेले, भावाने बहिणीला वाढवले, बहिणीने भावाला पाण्याच्या खुणा दाखवल्या. दोघांनी मिळून चाळीस विहिरी दिल्या. एकही कोरडी गेली नाही.

राजाचे नाव मंदारसेन. राजा वाईट नव्हता. पण तो सात वर्षांचा असताना पठारावर पाऊस चुकला होता, आणि रिकाम्या रांजणात वाटी खरवडल्याचा आवाज त्याने ऐकला होता. तो आवाज त्याच्या कानांतून कधी गेला नाही. गादीवर आल्यावर त्याने मोठा हौद बांधला, मग त्याहून मोठा बांधला, मग तलाव खोदला. तरी त्याला पुरेसे वाटेना.

अशा राजाच्या दारी एके दिवशी मांत्रिक खर्पर आला. उंच, वाळलेला, ओठांना पांढऱ्या भेगा पडलेला. त्याच्या गाड्यावर एक लोखंडी रहाट होता. त्या रहाटाला बैल लागत नसत. तो आपणहून फिरे, आणि त्याचा दोर लागेल तितका लांब होई.

“महाराज,” खर्पर म्हणाला, “पठाराच्या पोटात काळी शिळा आहे. शिळेखालचे पाणी अजून कोणी पाहिलेले नाही. शिळा फोडा. माझा रहाट ते वर आणील. आपल्याला पुन्हा तहानेचे भय उरणार नाही.”

राजाने भिवराला बोलावले. भिवरा राजवाड्याच्या अंगणात अनवाणी फिरली. एका जागी तिचे पाय थबकले. गारवा तर होताच, पण त्याखाली आणखी काही होते. झोपलेल्या माणसाची छाती वरखाली व्हावी तसे काहीतरी हळूहळू हलत होते. चाळीस विहिरींत तिला असे कधी जाणवले नव्हते. तिच्या मनात आले, सांगावे. पण सारा दरबार पाहत होता, आणि आजवर न चुकलेली पाणाडी म्हणून तिचा लौकिक होता. तिने काठी रोवली आणि ती गप्प राहिली.

रायाजीने शंभर हात खणले. शिळा फुटली. पाणी उसळून वर आले. रहाट बसला, कारंजी उडाली, राजवाड्याभोवती उसाचे मळे डोलू लागले. गावोगावचे लोक पाहायला आले आणि राजाचा जयजयकार करून परतले.

चौथ्या महिन्यात पहिल्या गावची विहीर आटली. मग तिसऱ्या गावची, मग सातव्या गावची. लोकांनी विहिरी खोल केल्या. पाणी आणखी खाली गेले. लोकांनी आणखी खणले. शेवटी राजाच्या विहिरीचीही पातळी उतरली, आणि खर्पराच्या सांगण्यावरून रायाजी आपल्या सहा गड्यांसह तळ खोल करायला उतरला. दुपारी विहिरीतून कुदळींचा आवाज बंद झाला. मग खालून एका बाईचा आवाज आला. तो मोठा नव्हता, पण बाराही गावांत प्रत्येक विहिरीच्या काठावर तो ऐकू आला.

“मी थोरली आसरा. या पाण्याची राखणदार. माझे छप्पर तुम्ही फोडलेत. आता तुम्ही एक हात खणाल तर मी दोन हात खाली जाईन. ज्यांनी छप्पर फोडले ते माझ्यापाशी दगड होऊन राहतील.”

सात जण वर आले नाहीत.

राज्यात नुसता हलकल्लोळ झाला. जो तो खणू लागला. खर्पर राजाला म्हणे, “आणखी खोल, महाराज.” त्याचा दोर लांबत होता, म्हणून राजवाड्यात पाणी येत होते. गावांत मात्र बायका फुटलेल्या ओठांनी गाळ पिळत होत्या. भिवराने काठी कोनाड्यात ठेवून दिली. कोणी विहिरीची जागा विचारायला आले की ती म्हणे, “आता मी जागा दाखवत नाही.”

भिवराच्या गावाबाहेर, राजधानीपासून जवळच, जुनी बारव होती, तीही कोरडी पडली होती. भिवरा तिच्या पहिल्या पायरीवर बसून राही. बारवेच्या भिंतीतल्या बिळात एक खंड्या पक्षी होता. त्या काळी पाखरांना बोलता येई, पण माणसांशी ती क्वचितच बोलत.

“सारे खणतात. तू का खणत नाहीस?” खंड्याने विचारले.

“खणून ती सापडायची नाही.”

“खरे आहे. माझ्या सात पिढ्या या भिंतीत वाढल्या. आता खाली मासा नाही, बेडूक नाही. तुला तिच्याकडे जायचे असेल तर वाट सांगतो.”

“सांग.”

“या पायऱ्या उतर. पायऱ्या संपल्या तरी उतरत राहा. कुदळ नेऊ नकोस.”

भिवरा उतरली. एकोणपन्नास पायऱ्या संपल्या. पुढे अंधार होता. तिने पाय पुढे टाकला, तर पायाखाली पायरी आली. पुन्हा टाकला, पुन्हा आली. अशा किती पायऱ्या ती उतरली याची मोजदाद राहिली नाही. शेवटी ती एका अफाट दालनात आली. वर फुटलेली शिळा होती, खाली गुडघाभर पाणी होते, आणि पाण्यात हिरवे लुगडे नेसलेली एक बाई बसली होती. तिचे हात काडीसारखे झाले होते. तिच्या मागे सात दगडी माणसे उभी होती. सर्वांत पुढे रायाजी होता. कुदळ उगारलेली, तोंड किंचित उघडे.

भिवराने आसरेला हात जोडले.

“जागा तू दाखवलीस,” आसरा म्हणाली.

“होय.”

“मी झोपलेली होते हे तुला कळले होते.”

भिवराने मान खाली घातली. “होय. कळले होते. मी बोलले नाही.”

आसरा म्हणाली, “खरे बोललीस, म्हणून तीन कामे सांगते. वर्षाच्या आत तिन्ही केलीस तर शाप उतरेल. नाही केलीस तर हे सातही जण कायमचे खडक होतील. पहिले काम ऐक. मी किती आहे, कुठपर्यंत आहे, ते मला येऊन सांग. पण एक ढेकूळही खणायचे नाही.”

भिवरा वर आली. तिने एका लांब दोराला हातहात अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला, आणि ती गावोगाव निघाली. पण दोर पाहताच लोक दारे लावून घेत. विहिरीचा तळ ही घरची झाकली मूठ होती. ज्याच्याकडे पाणी होते तो लपवी, ज्याच्याकडे नव्हते तोही लपवी. बाराव्या गावचा बहिर्जी पाटील तर विहिरीवर आडवा झाला.

“विहीर माझी. तिचा तळ गावाने का पाहावा?”

“गावाने पाहू नये, पाटील,” भिवरा म्हणाली. “तुम्ही पाहा. दोर देऊन जाते. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी मोजा आणि सूर्य मावळताना मोजा. काय दिसले ते तुमच्यापाशीच ठेवा.”

यात पाटलाला काही वावगे दिसेना. त्याने दोर ठेवून घेतला. तो ठेवतो म्हटल्यावर बाकीच्या अकरा गावांनीही ठेवला.

मग भिवरा राजाकडे गेली. “महाराज, पौर्णिमेला दिवसभर रहाट थांबू द्या.”

“अपशकुन होईल,” खर्पर म्हणाला.

राजाच्या विहिरीत सात माणसे गेली होती, ते त्याच्या मनाला लागून राहिले होते. भिवराच्या डोळ्याला डोळा न भिडवता तो म्हणाला, “एक दिवस थांबवा.”

पौर्णिमेला रहाट थांबला. सूर्य मावळायच्या आतच बहिर्जी पाटील धापा टाकत भिवराच्या दारी आला. मुठीत दोर होता, आणि दोराची ओली खूण त्याने दोन बोटांत धरून ठेवली होती.

“चार बोटे चढले,” तो म्हणाला. “मी काही केले नाही. नुसता बसून होतो.”

त्याच्या मागोमाग दुसऱ्या गावचे आले, पाचव्या गावचे आले, नवव्या गावचे आले. सगळीकडे चार बोटे. दुसऱ्या दिवशी रहाट फिरला आणि बाराही विहिरी चार बोटे उतरल्या. लोक एकमेकांच्या दोरांकडे पाहत राहिले. बारा विहिरी नव्हत्याच. एकाच पाण्याला बारा तोंडे होती.

भिवराने हे राजालाही सांगितले. राजा म्हणाला, “पाणी एकच असेल तर मी थांबून काय उपयोग? मी न ओढलेले दुसरा ओढील.” आणि रहाट फिरतच राहिला.

भिवरा पायऱ्या उतरून आसरेकडे गेली. “तू एकच आहेस,” ती म्हणाली. “उगवतीच्या टेकड्यांपासून मावळतीच्या कड्यापर्यंत. साऱ्यांनी बेताने घेतले तर पावसापासून पावसापर्यंत पुरतेस. रहाट फिरला तर चार महिने.”

“बरोबर,” आसरा म्हणाली. मागे रायाजीचे दगडी डोळे हलले आणि बहिणीवर स्थिरावले. भिवराला रडू आले, पण ते सुखाचे होते.

“दुसरे काम,” आसरा म्हणाली. “माझे घेतलेत ते मला परत द्या. पण घागरीने नको, पखालीने नको, पाटाने नको.”

भिवराला हे काम सोपे वाटले. पाऊस महिन्यावर आला होता. तिने बारा गावांना हाक दिली, आणि या वेळी सारे आले. सर्वांनी मिळून पठाराच्या उताराला एक थोरला बांध घातला. बहिर्जी पाटलाने स्वतः पाट्या वाहिल्या. पाऊस पडला, बांधामागे पाणी तुंबले, लोक काठावर उभे राहून पाहू लागले. तेवढ्यात खर्पर टेकडीवर आला. त्याने दोन बोटे तोंडात घालून शीळ घातली. पाणी गाईसारखे त्याच्या हाकेला धावले. बांध मधोमध फुटला, आणि महिन्याची मेहनत कड्यावरून खाली गेली.

लोक चिखलात मटकन बसले. भिवरा बारवेवर गेली.

“बांध मजबूत नव्हता का?” तिने खंड्याला विचारले.

“मजबूत होता. पण पाणी तिथवर धावत आले होते. खर्पराची शीळ धावत्या पाण्यालाच ऐकू जाते. चालत्या पाण्याला ती ऐकू जात नाही.”

भिवरा घरी गेली आणि तिने कोनाड्यातली काठी काढली. या वेळी ती पाणी कुठे आहे ते शोधत नव्हती. जमीन कुठे तहानलेली आहे, ते ती तळव्यांनी शोधत होती. माथ्यावरचा मुरमाड माळ, खडकातल्या जुन्या भेगा, गाळाने बुजलेली तळी. जिथे काठी रोवली तिथे लोकांनी गाळ काढला, दगडांच्या गुडघाभर ताली रचल्या, उतारावर आडवे चर मारले. काम माथ्यावरून सुरू झाले आणि एकेक पाऊल खाली आले. माळावर त्या साली कोणी नांगर घातला नाही, गुरे सोडली नाहीत. चर मारताना कुदळ लागली, तेव्हा एक म्हातारा भ्याला. भिवरा म्हणाली, “बाबा, घेण्यासाठी खणले तर शाप आहे. देण्यासाठी खणले तर नाही.”

त्याच मोसमातला पुढचा पाऊस आला. तो दगडाला अडला, गवतात रेंगाळला, चरात विसावला. खर्पराने शीळ घातली. पाणी जागचे हलले नाही. घसा सुकेपर्यंत तो शीळ घालत राहिला. पाणी मुरत राहिले. दिवाळीपर्यंत बारवेच्या तळाशी ओल आली आणि खंड्याने तिथे पहिला बेडूक पाहिला.

भिवरा खाली गेली तेव्हा आसरेच्या हातांवर मांस चढले होते. पाणी कमरेपर्यंत आले होते. रायाजीचे दगडी ओठ हलले. “भिवरे,” तो म्हणाला, आणि पुन्हा गप्प झाला.

“तिसरे काम,” आसरा म्हणाली. “ज्याची तहान सर्वांत मोठी, त्याने आपल्या हाताने ती सोडली पाहिजे. तू त्याला सांगायचे नाहीस, त्याच्याकडे मागायचे नाहीस. त्याने विचारले तर खरे तेवढे बोलायचे.”

भिवराला ठाऊक होते की हे सर्वांत अवघड. ती राजवाड्याच्या अंगणात जाऊन विहिरीच्या कठड्यापाशी बसली. रोज सकाळी येई, संध्याकाळी जाई. माघ गेला, फाल्गुन गेला. राजा रोज गच्चीवरून तिला पाही. रहाट करकरत असे. वर्ष भरायला पंधरा दिवस उरले तेव्हा राजा खाली उतरला.

“तू इथे का बसतेस?”

“खाली माझा भाऊ आहे, महाराज.”

“जिवंत आहे?”

“अजून आहे.”

राजाने कठड्यावरून खाली डोकावले. “तू त्याला पाहिलेस?”

“तीनदा.”

“कोणालाही जाता येते?”

“पायऱ्या सर्वांसाठी आहेत.”

राजाने जोडे काढले. भिवरा पुढे, राजा मागे, असे दोघे बारव उतरले. पायऱ्या संपल्या तिथे राजा थबकला. मग त्याने डोळे मिटून पाय टाकला, आणि पायरी आली.

त्याने सात दगडी माणसे पाहिली. वरच्या शिळेतून लोंबणारा रहाटाचा दोर पाहिला. दोर पाणी ओढी तेव्हा आसरेच्या कपाळावर आठी पडे, जशी दुखऱ्या माणसाच्या पडते. राजाला आजवर कोणी हे दाखवले नव्हते.

“तुला अजून किती हवे?” आसरेने विचारले.

राजा एखाद्या लहान मुलासारखे म्हणाला, “मला ठाऊक नाही. उद्या पाणी नसेल, याचे मला भय वाटते.”

“मलाही वाटते,” आसरा म्हणाली.

राजा वर आला. तो थेट अंगणात गेला आणि रहाटाच्या आसाची खीळ त्याने धरली.

“महाराज, हात जळेल,” खर्पर म्हणाला. “तो लोखंडाचा शाप आहे.”

“जळू द्या,” राजा म्हणाला.

खीळ निखाऱ्यासारखी लाल झाली. राजाच्या तळहाताची कातडी सोलून निघाली, पण त्याने हात सोडला नाही. खीळ निघाली. रहाट एक फेरा फिरला, अर्धा फिरला, आणि थांबला. खर्पर ओढलेल्या पाण्यावरच जगत होता. तो उभ्या जागी पांढरा पडत गेला, आणि पाहता पाहता तिथे खाराचा एक ढीग उरला. सेवकांनी तो झाडून राज्याच्या हद्दीबाहेर नेऊन टाकला.

रहाट थांबल्यावर इतकी शांतता झाली की अंगणात सर्वांना खालचा आवाज ऐकू आला. कोणीतरी खोकत होते.

भिवरा बारवेकडे धावली. पायऱ्यांवरून सात माणसे वर येत होती. अंगावरची दगडाची भुकटी झाडत, एकमेकांना हात देत. रायाजी सर्वांत शेवटी होता. गडी वर गेल्याशिवाय विहिरीतून बाहेर पडायचे नाही, ही त्याची रीत होती. उन्हात येऊन तो डोळे चोळत उभा राहिला. भिवराने त्याच्या दंडाला हात लावून पाहिला. दंड ऊन होता.

“भाकरी आहे का गं?” त्याने विचारले.

तिथेच पायरीवर त्याने चार भाकऱ्या खाल्ल्या. तिने खाऊ दिले. मग म्हणाली, “दादा, काठी रोवली तेव्हा मला कळलं होतं. खाली कुणीतरी झोपलंय, असं वाटलं होतं. लाजेखातर बोलले नाही.”

रायाजी पाणी प्यायला, त्याने तोंड पुसले. “शिळेवर पहिली कुदळ मारली तेव्हा मलाही कळलं होतं. मी तरी कुठं बोललो?”

वर्षभराचे ओझे भिवराच्या छातीवरून उतरले. तिला एकदम झोप आली, आणि भावाच्या खांद्यावर डोके टेकून ती भरदुपारी गाढ झोपली.

राजाच्या विहिरीतली शिळा रायाजीने आणि सहा गड्यांनी चुन्याने सांधली. पाणी उसळून आले नाही. रोज दोन बोटे, कधी एक बोट, असे ते चढत राहिले. पहिल्या गावात झरा दिसला तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला नाही. बायका कळशा घेऊन काठावर बसल्या, हात बुडवून पाहत राहिल्या, आणि कोणीतरी हळूच हसले. राजा त्यानंतर राजधानीच्या सार्वजनिक विहिरीचे पाणी पिऊ लागला. उजव्या हाताला कायमचा व्रण राहिला, म्हणून तो डाव्या हाताने पेला धरी. उसाचे मळे गेले, तिथे ज्वारी आणि हरभरा आला.

तेव्हापासून दरवर्षी पाऊस सरला की बारा गावांची माणसे एकाच दिवशी आपापल्या विहिरी मोजत आणि राजधानीत जमत. पाणी किती आहे ते पाहून काय पेरायचे ते ठरे. कमी असेल त्या साली भांडणेही होत. बहिर्जी पाटील सर्वांत मोठ्याने भांडे. पण मोजलेला आकडा कोणी लपवत नसे.

जसे पठारावरच्या बारा गावांना पाणी पुरून उरले, जसा भाऊ बहिणीला परत मिळाला, तसे तुम्हांआम्हांलाही पुरो आणि मिळो. सांगणाऱ्याचा घसा आता सुकला आहे. ऐकणाऱ्यांनी एक तांब्या भरून द्यावा.